तापणारे पाणी आणि कोळंबी : सुरतच्या तळ्यांवरील पाठ

पालघर जिल्ह्याची सीमा ओलांडून किनाऱ्याने उत्तरेकडे गेले म्हणजे वलसाड, नवसारी आणि त्यापुढे सुरत हे गुजरातमधील जिल्हे लागतात. हिरे आणि कापड यांसाठी सुरतचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु तापी नदीच्या मुखाजवळील परिसरात, विशेषतः ओलपाड व चोर्यासी तालुक्यांत, निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी संवर्धनाचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्वी या तळ्यांत प्रामुख्याने टायगर कोळंबी वाढविली जाई. २००९ साली केंद्र शासनाने व्हेनामी जातीस परवानगी दिल्यानंतर तिचा प्रसार झाला. ही जात मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्यावरील होय.

गुजरातेत हिवाळ्यातील थंडी कोळंबीस मानवत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर बीज सोडले जाते आणि पिकाचा महत्त्वाचा काळ ऐन उन्हाळ्यात येतो. पाणी तापले की काय होते, हा प्रश्न त्यामुळे तेथे केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही. त्यावर एका कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीचा निकाल अवलंबून असतो.

शरीरात काय घडते?

कोळंबी, चिंबोरी, शेवंड हे सारे कवचधारी प्राणी होत. त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. पाणी तापले की शरीरातील सर्व क्रिया वेग घेतात. दहा अंशांच्या वाढीने प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते. उलट, पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅमच. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. एका बाजूने गरज वाढते आणि दुसऱ्या बाजूने पुरवठा घटतो. या दुहेरी कचाट्यात प्राणी सापडतो.

प्रारंभी तो झुंज देतो. कल्ल्यांवरून पाणी अधिक वेगाने खेळविले जाते, हृदयाचे ठोके वाढतात. या प्राण्यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबेयुक्त द्रव्य प्राणवायू वाहून नेते. पेशींत विशिष्ट रक्षक प्रथिने तयार होतात आणि उष्णतेने विस्कटू लागलेल्या इतर प्रथिनांना सावरून धरतात. परंतु या साऱ्यास ऊर्जा लागते. वाढीसाठी राखलेली शिदोरी जीव वाचविण्यात खर्ची पडते. मर्यादा ओलांडली की हृदयाची धाव अपुरी पडते, शरीरात आम्ल साचते आणि प्राणी निपचित पडतो.

कात टाकण्याच्या वेळी हा धोका अधिक असतो. तेव्हा प्राणवायूची गरज वाढते, अंग मऊ असते आणि दुबळ्या कोळंबीवर तिच्याच सोबतिणी तुटून पडतात.

थंड समुद्रातील उदाहरण

हाच नियम हजारो मैलांवर अधिक भीषण रीतीने दिसून आला. अलास्काजवळील बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात हिमखेकडा राहतो. त्याला दोन अंशांखालील पाणी मानवते. २०१८ व २०१९ साली तेथील समुद्र असाधारण तापला, आणि २०१८ ते २०२१ या काळात एक हजार कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले. २०२२ साली तेथील हिमखेकड्यांची मासेमारी इतिहासात प्रथमच बंद ठेवावी लागली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पाणी खेकड्याला थेट मारण्याइतके गरम नव्हते. शून्यावरून तीन अंशांवर जाताच त्याची अन्नाची गरज जवळजवळ दुप्पट होते. दाटीवाटीने राहणाऱ्या खेकड्यांना तेवढे अन्न मिळाले नाही, आणि ते मुख्यतः उपासमारीने मेले, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढण्यात आला.

वातावरणात वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग महासागरांनी शोषला आहे. समुद्रातील काही प्राणी थंड पाण्याच्या शोधात खोलवर किंवा ध्रुवांकडे सरकतात. तळ्यातल्या कोळंबीला मात्र चार बांधांपलीकडे जाता येत नाही. तिच्यासाठी थंडावा व प्राणवायू शोधण्याचे काम तळेमालकालाच करावे लागते.

तळ्यावर घ्यावयाची दक्षता

व्हेनामीस सर्वसाधारणपणे २८ ते ३२ अंश तापमान मानवते. त्यापुढे तिचे खाणे मंदावते. अशा वेळी नेहमीइतकेच खाद्य टाकणे म्हणजे दुहेरी नुकसान होय. उरलेले खाद्य तळाशी कुजते, कुजताना प्राणवायू खाते आणि अमोनिया निर्माण करते; गरम पाण्यात हा अमोनिया अधिक विषारी ठरतो. यास्तव खाद्यपात्र तपासूनच खाद्याची मात्रा ठरवावी आणि भर दुपारची मात्रा कमी करावी.

पाण्याची खोली सव्वा ते दीड मीटर राखावी. उथळ तळे लवकर तापते. बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो, तोही मोजत राहावा. प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. खरी कसोटी दुपारी नव्हे, पहाटे असते. दिवसा शेवाळ प्राणवायू देते. रात्री तेच शेवाळ तो वापरते. म्हणून मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत हवा घालणारी चक्रे बंद पडू देऊ नयेत आणि वीज गेल्यास जनित्र तयार असावे. पहाटे कोळंबी पृष्ठभागावर व काठाशी गोळा झालेली दिसली, तर धोका दारात आला असे समजावे.

चेन्नई येथे १९८७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय निमखारे पाणी जलजीवपालन संस्थेचे संशोधन केंद्र नवसारी येथे आहे. सीमेलगतच्या संवर्धकांना तेथील सल्ला उपयुक्त ठरेल.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग आहे. काचेच्या पेल्यात माठातील थंड पाणी घेऊन तो उन्हात ठेवावा. थोड्या वेळाने आतील बाजूस बारीक बुडबुडे जमतात. पाणी तापताना त्यातील हवा बाहेर पडत असल्याचे मुलांना डोळ्यांनी दिसते. गावात तळे असल्यास पहाटे व दुपारी तापमान मोजून मुलांनी त्याची नोंदवही ठेवावी. साध्या तापमापकाने केलेली ही नोंद हंगामाच्या अखेरीस तळेमालकासही उपयोगी पडेल.