कोड तुमचा, मालकी कोणाची?

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की बोरिवली-अंधेरी असो नाहीतर मुलुंड-घाटकोपर, दोन्ही लाइनींवरून मला एकच प्रश्न येतो. ‘कॉम्प्युटर मिळेल का?’ त्याचे पोटप्रकारही ठरलेले. कॉम्प्युटर मिळत नाही, पण एआय-एमएल मिळतंय, घेऊ का? चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल आणि कालपरवाच्या कॉलेजात डेटा सायन्स, मग कुठे जायचं? मॅनेजमेंट कोट्यातून सीट आहे, फ्लॅटवर टॉप-अप लोन काढलं तर? फोन आईचा असतो किंवा वडिलांचा. ज्याला चार वर्षं शिकायचंय त्याचा आवाज फार तर मागून येतो, ‘नीट विचार ना’ एवढाच.

उत्तरं झटपट देऊन टाकते. पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं, आणि कॉम्प्युटर, आयटी, एआय-एमएल यांचे पुढचेही बरेच विषय सामाईक असतात. अंधेरीचं सरदार पटेल, पार्ल्याचं संघवी, विद्याविहारचं सोमय्या, चेंबूरचं विवेकानंद, यांपैकी जिथे नंबर लागेल तिथे जा, शाखेच्या नावाचे लाड करू नका. पवईची आयआयटी ज्यांना मिळते ते मला फोन करत नाहीत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ता आजही उत्तम आहे. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं म्हणून कोणी कॉम्प्युटरच्या जगातून हद्दपार होत नाही. आणि बीएस्सी आयटी सांगताना ज्यांचा आवाज खाली जातो, त्यांनी पुढे नीट वाचावं, त्यांच्या फायद्याचं आहे.

या सगळ्या फोनांमध्ये एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. मुलगा जे बनवेल ते कोणाच्या मालकीचं असेल? भाड्याची जागा आणि ओनरशिप यांतला फरक उपनगरात राहणाऱ्याला शिकवावा लागत नाही. कार्पेट एरियाचा एक चौरस फूट इकडचा तिकडे झाला तरी आपण बिल्डरशी भांडतो. तोच माणूस मुलाच्या नोकरीचं पत्र हातात आलं की फक्त पॅकेजचा आकडा वाचतो. त्याच पत्रात चार पानं पुढे लिहिलेलं असतं की नोकरीत असताना तू जे जे लिहिशील ते कंपनीचं. ते पान कोणी उलटत नाही.

अंधेरीच्या सीप्झचंच बघा. १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभा राहिलेला हा पट्टा. पुढे इथल्या किती तरी कंपन्यांनी परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकले. इतकी माणसं, इतके महिने, इतके डॉलर. काम संपलं की कोड ग्राहकाचा. त्यात कमीपणा काही नाही, त्यावर मुंबईतली अनेक घरं उभी राहिली. पण याच वर्तुळात सिटीबँकेच्या छायेत सिटीकॉर्प इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इंडस्ट्रीज नावाची एक कंपनी वेगळ्या वाटेने गेली. राजेश हुक्कू, दीपक घैसास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, ते आपल्याच नावावर ठेवायचं आणि बँकांना फक्त वापराचा परवाना विकायचा, असा धंदा मांडला. आधी मायक्रोबँकर, मग नव्वदीच्या दशकातच फ्लेक्सक्यूब. कंपनीचं नाव पुढे आय-फ्लेक्स झालं. ऑगस्ट २००५ मध्ये ओरॅकलने सिटीग्रुपकडचा तिचा सुमारे ४१ टक्के हिस्सा विकत घ्यायचं ठरवलं, किंमत सुमारे ५९ कोटी ३० लाख डॉलर. ओरॅकलला प्रोग्रामर मिळत नव्हते म्हणून हे पैसे मोजले गेले असं कोणाला वाटत असेल तर कठीण आहे. प्रोग्रामर पगारावर मिळतात. देशोदेशीच्या बँकांमध्ये बसलेलं उत्पादन आणि त्याचे हक्क पगारावर मिळत नाहीत. आज तीच कंपनी ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर या नावाने गोरेगाव पूर्वेला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगत आहे. बोरिवलीहून अंधेरीला जाताना ती इमारत तुम्ही कितीदा तरी ओलांडली असेल.

‘ते सिटीबँकवाले, आपलं काय!’ हे वाक्य मला पाठ आहे. म्हणून कैलाश आणि संजय काटकर या भावांची आठवण करून देते. मूळचे सातारा जिल्ह्यातले. कैलाश दहावीनंतर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायला लागले, धाकट्याला कॉम्प्युटर शिकवलं, त्याने दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकटात घालून देता आला असता. त्यांनी त्याला ‘क्विक हील’ नाव दिलं आणि परवाना विकला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. या गोष्टीत एआय-एमएल शाखा कुठेही नाही.

उलट बाजूही बघा, कारण मुलं नोकरीला लागतील ती बहुधा तिथेच. टीसीएसची माणसं अमेरिकेत एका ग्राहकाचं काम करत होती. त्या ग्राहकाला एपिक सिस्टिम्स या कंपनीने रुग्णालयांचं सॉफ्टवेअर दिलं होतं. टीसीएसच्या माणसांनी एपिकच्या पोर्टलवरून हक्क नसताना हजारो कागदपत्रं उतरवून घेतली, असा दावा २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये दाखल झाला. कंपनीने आरोप नाकारले. २०१६ मध्ये ज्युरीने ९४ कोटी डॉलरचा आकडा सांगितला. अपिलांमध्ये तो उतरत उतरत १४ कोटी भरपाई आणि १४ कोटी दंड इथवर आला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीसीएसचं म्हणणं ऐकायला नकार दिला. मित्राच्या लॉगिनने पोर्टलमध्ये शिरणं ही आपल्याकडे हुशारी समजली जाते. कॉलेजात कोणी हटकत नाही, घरी तर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर बाबाच टाकून देतात. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्राम वापरला तर कॉपीराइट कायद्यात ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे बाबांना सांगायचं राहून गेलेलं असतं.

आता कामाचं. कॉम्प्युटर प्रोग्रामला आपल्याकडे साहित्यकृतीसारखं कॉपीराइट मिळतं, कोड लिहिला त्या क्षणापासून. नोंदणी सक्तीची नाही. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा, वेगळा करार नसेल तर. पण घाटकोपरच्या एखाद्या व्यापाऱ्याला तुमच्या मुलीने कॉलेजात असताना बिलिंगचं ॲप करून दिलं, ती त्याच्या नोकरीत नव्हती आणि लेखी हस्तांतर झालं नाही, तर कोडचं कॉपीराइट सहसा तिचंच राहतं. तो व्यापारी ते दुसऱ्या दहा दुकानांना विकायला निघाला तर ती अडवू शकते. हस्तांतर लिहून दिलं पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर भारत. दोन ओळींच्या कागदाने तिचा पुढचा धंदा ठरतो, आणि चार वर्षांच्या अभ्यासात हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

एआयचं वेड आहेच, तर त्यातलाही खरा झगडा मालकीचाच आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं ते आमच्या बातम्यांवर तुमचं मॉडेल का शिकवलंत, यासाठी. हा वाद समजायला मॉडेल कसं शिकतं हेही कळावं लागतं आणि कायदाही. दोन्ही कळणारी माणसं किती आहेत?

इथेच माझा लाडका, सगळ्यांनी दुर्लक्षिलेला रस्ता येतो: पेटंटचं काम. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. सगळी गंमत त्या ‘निव्वळ’मध्ये आहे. प्रोग्राममुळे यंत्राच्या कामात तांत्रिक सुधारणा होत असेल, मेमरी कमी लागते, सिग्नल स्वच्छ येतो, तर दार उघडतं. २०१९ मध्ये फरीद अलानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने याच दिशेने निकाल दिला. ती सुधारणा शोधून, नेमक्या भाषेत दावा लिहिणं हे इंजिनिअरचं काम आहे, निव्वळ वकिलाचं नव्हे. आणि यात पैसा किती? मार्च २०२४ मध्ये मोबाइलच्या पेटंटांवरून लावा कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यावेत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने दिला.

पेटंट एजंट व्हायला एलएलबी लागत नाही. भारतीय नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण, विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी, आणि एक परीक्षा. विज्ञानाची पदवी म्हटलं की बीएस्सी आयटी आलीच, खाली गेलेला आवाज आता वर आणा. १०० गुणांचे दोन पेपर, एक कायद्यावर आणि एक मसुदा लिहिण्यावर, शिवाय ५० गुणांची तोंडी. प्रत्येक पेपरात निदान ५० टक्के, एकूण ६०. कायद्याकडे ओढा असेल तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहेच. सरकारी बाजूने पेटंट परीक्षकाची नोकरी आहे, राजपत्रित, मूळ वेतन ५६,१०० पासून. २०२३ मध्ये ५५३ जागांची भरती निघाली, त्यात कॉम्प्युटरवाल्यांच्याही जागा होत्या. यूपीएससीच्या नावाने वर्षं घालवणाऱ्या किती इंजिनिअरांनी ती जाहिरात पाहिली? देशाच्या पेटंट नियंत्रकांचं कार्यालय ॲन्टॉप हिलच्या पोस्टाजवळ, बौद्धिक संपदा भवनात आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांची यादी तोंडपाठ असलेल्या घरांना वडाळ्याच्या शेजारची ही इमारत माहीत नसते.

एक इशारा. कॉलेजच्या माहितीपुस्तकात ‘विद्यार्थ्यांची इतकी पेटंट’ असं छापलेलं दिसलं की विचारा, मंजूर किती? अर्ज केला की १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतोच, त्यात शौर्य काही नाही. पैसे घेऊन अर्जावर मुलाचं नाव घालणारेही फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. खरंच काही नवं सुचलं असेल तर ते टेक-फेस्टमध्ये दाखवण्याआधी, गिटहबवर चढवण्याआधी तात्पुरता अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण मसुदा द्यायला १२ महिने मिळतात. आधी जगाला दाखवलंत तर नवेपणा संपतो, मग रडून उपयोग नाही. आणि अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून विकत आणणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचलाच नाही तरी चालेल.

पालकांनो, आता थोडं कडू. हा रस्ताही मुलावर लादू नका. ज्याला वाचायचा कंटाळा, ज्याला एक वाक्य तीनदा तपासणं जिवावर येतं, त्याला पेटंटमध्ये घातलंत तर एआयइतकाच तो तिथेही कुढेल. शेजारच्या विंगमधल्या मुलीला कुठे प्लेसमेंट मिळाली यावरून आपल्या मुलाची शाखा ठरवणं बंद करा. ‘आम्ही तुझ्यासाठी लोन काढलंय’ हे वाक्य अठरा वर्षांच्या पोरासमोर उच्चारू नका. ते ऐकलेली मुलं नापास झाल्याचं घरी सांगत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. नावापुरत्या एआय-एमएलसाठी मॅनेजमेंट कोट्यात पैसे ओतू नका.

आणि ज्या मुलांना पेटंटचं काम आवडेल असं वाटतंय, त्यांनी एवढं करावं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा डीएल-१०१ हा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन आणि फुकट आहे, तो या सुट्टीत पुरा करा. मग पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या आवडीच्या विषयातलं एक मंजूर पेटंट उघडा आणि त्याचे दावे सावकाश वाचा. कंटाळा न येता दुसरं उघडावंसं वाटलं तर १९७० चा कायदा आणि २००३ चे नियम हातात घ्या. एजंटची परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, तेव्हा जाहिरातीची वाट बघत बसू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच वाचायला लागा.