नंबर तुझा, जपायचाही तूच

अगं, तुझा मेसेज वाचला. बारावी सायन्स झाली, नीटमध्ये बीडीएसपुरते मार्क पडले नाहीत, आणि घरात रोज नवा सल्ला. आत्या म्हणते नर्सिंग कर, काका म्हणतात डी.फार्म. कर, आणि तुझ्या डोक्यात डेंटल हायजिनिस्ट. ते ऐकून बाबांनी विचारलं म्हणे, 'म्हणजे डॉक्टरच्या हाताखालीच ना?' त्यांचा राग मानू नकोस. बुलढाणा काय आणि खामगाव काय, दातांच्या दवाखान्यात डॉक्टर आणि मदतनीस यांच्याशिवाय तिसरं कुणी त्यांनी पाहिलेलंच नाही.

त्यांना शांतपणे सांग. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये तिघांच्या वेगवेगळ्या नोंदवह्या सांगितल्यात: दंतवैद्यांची, डेंटल हायजिनिस्टची आणि कवळ्या बनवणाऱ्या डेंटल मेकॅनिकची. हायजिनिस्टचं कामही त्यात आखून दिलंय. दातांवरचं किटण काढायचं, म्हणजेच स्केलिंग, दात साफ करायचे, पॉलिश करायचे आणि तोंडाची निगा कशी राखायची ते लोकांना शिकवायचं. आरोग्य खात्याच्या जाहिरातीत याच पदाला 'दंत आरोग्यक' म्हणतात. नोंदवहीत नाव आलं की तुला एक नंबर मिळतो. नोकरी दवाखान्याची असते, आज आहे उद्या नाही. नंबर तुझ्या नावावर असतो. मला जे काही सांगायचंय ते या नंबराभोवतीच आहे.

पहिली गोष्ट, फी भरायच्या आधीची. बसस्टँडवर, कोचिंगच्या भिंतीवर 'डेंटल डिप्लोमा, नोकरीची हमी' असे बोर्ड दिसतील. सहा महिन्यांत, वर्षात कोर्स. त्यातले बरेचसे डेंटल असिस्टंटचे असतात. असिस्टंटचं काम हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. चांगली असिस्टंट नसेल तर दवाखाना दुपारपर्यंत कोलमडतो. पण त्या सर्टिफिकेटवर हायजिनिस्टच्या नोंदवहीत नाव चढत नाही. हायजिनिस्टचा मान्यताप्राप्त कोर्स दोन वर्षांचा असतो आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. ते तुझं झालंय.

चौकशी सरकारी दंत महाविद्यालयांपासून सुरू कर. आपल्याला जवळची म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर, नाहीतर मुंबई. हा कोर्स यंदा चालू आहे का, जागा किती, हे तिथल्या ऑफिसातच विचार, एजंटला नको. खासगी कॉलेज असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेव: कॉलेजच्या बीडीएसला मान्यता आहे म्हणून हायजिनिस्टच्या कोर्सलाही आहे, असं धरून चालू नकोस. या कोर्सच्या मान्यतेचं पत्र वेगळं मागायचं. आणि सगळ्यात सोपी परीक्षा सांगू? मागच्या बॅचमधल्या एखाद्या मुलीची भेट घालून द्या म्हणावं. तिला नोंदणी क्रमांक मिळाला असेल तर प्रश्न मिटला. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर पर्स उघडायची नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. पास झालीस की अर्ज करायचा मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवरची कागदांची यादी आणि फी बघून घे. यादी बदलत असते आणि एक कागद कमी पडला म्हणून मलकापूरहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पुन्हा धरायची, हे कुणी सांगितलंय? दहावीची सनद, बारावीची मार्कलिस्ट, कोर्सचं प्रमाणपत्र, आधार, सगळं एका फाइलीत ठेव आणि सगळ्यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघ. आपल्याकडे शाळेत एकदा 'वैष्णवी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं की ते जन्मभर पाठ सोडत नाही. दुरुस्ती कॉलेजात असतानाच करून घे.

आणि रिझल्ट ते नोंदणी या मधल्या काळात कुणी म्हणालं, 'ये ना, तोवर स्केलिंग सुरू कर, कोण बघतंय', तर गोड बोलून नाही म्हण. शिकायला उभी राहा, रेकॉर्ड लिही, पेशंटशी बोल. स्केलर हातात घ्यायचा तो नंबर आल्यावर.

आता तिसरी गोष्ट, जिच्याकडे मुली सगळ्यात कमी बघतात. नंबर मिळाला म्हणजे तो कायमचा झाला असं नाही. कायद्यात नूतनीकरणाची तरतूद आहे. ज्या वर्षी नोंदणी होते त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतर नाव टिकवायचं असेल तर नूतनीकरणाची फी भरायची, आणि ज्या वर्षाची फी असेल त्या वर्षाच्या १ एप्रिलच्या आत भरायची. नाही भरली तर रजिस्ट्रार नाव काढू शकतात. पुन्हा चढवता येतं, पण अर्ज आला, पैसे आले, वाट बघणं आलं. तुझ्या प्रमाणपत्रावर मुदत कधीची लिहिली आहे ते बघ आणि ती तारीख मोबाइलमध्ये टाक. घरच्या कॅलेंडरवरही लिही, गॅसची तारीख लिहितो तिथेच.

तारीख चुकते कधी, माहीत आहे? काम करत असताना फारशी चुकत नाही. चुकते ती लग्नाच्या वर्षी, बाळंतपणाच्या वर्षी, सासर बदललं, मोबाइल नंबर बदलला, परिषदेकडे पत्ता मात्र माहेरचाच, अशा वेळी. तेव्हा वाटतं, आत्ता कुठे नोकरी आहे, कशाला फुकट पैसे घालवायचे? पोरी, नेमकं तेव्हाच घालायचे. कारण दंत आरोग्यकाच्या सरकारी जागा मुळात थोड्या, जाहिरात निघते तीही मोठ्या खंडानं. ती निघाली त्या दिवशी तुझी नोंदणी चालू असायला हवी. तेव्हा धावपळ सुरू केलीस तर अर्जाची मुदत थांबत नाही.

लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर राजपत्रात करून घे, मग आधार, बँक आणि परिषद तिन्हीकडे एकदमच बदल. नाहीतर बदलूच नकोस. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ही अवस्था सगळ्यात वाईट. आणि नोंदणी राज्याची असते हेही ध्यानात असू दे. पुण्याला गेलीस, मुंबईला गेलीस तर चिंता नाही. पण जळगाव जामोदच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला नाहीतर सुरतेला दिलं तर तिथली दंत परिषद वेगळी. नोंदणीची बदली आधी तिकडे विचारून, इथली नोंदणी चालू असतानाच करायची.

चौथी गोष्ट कामावरची. नंबर तुला जसा हक्क देतो तशी मर्यादाही आखतो. कधीतरी दवाखान्यात गर्दी असेल आणि डॉक्टर म्हणतील, 'ती लहानशी फिलिंग तूच करून घे, तुला जमतं.' जमत असेलही. तरी नाही करायची. भांडायचं नाही, 'सर, मी तोवर पुढच्या पेशंटचं स्केलिंग घेते, फिलिंगला तुम्हीच या' एवढंच म्हणायचं. उद्या काही बिघडलं तर विचारणा तुझ्या नंबराची होईल.

जे आपलं काम आहे ते मात्र असं करायचं की नाव निघालं पाहिजे. आपल्याकडचे पेशंट कसे येतात ते सांगते. संग्रामपूरकडचा एखादा काका खुर्चीत बसतो, खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटणाची अशी भिंत की दातांमधल्या फटीच दिसत नाहीत. बसल्या बसल्या पहिलं वाक्य, 'माय, साफ केल्यावर दात हलतात म्हणे.' इथे हसायचं नाही. हातात आरसा द्यायचा, किटण दाखवायचं आणि सांगायचं की काका, या किटणापायी हिरडी खाली गेली, आतलं हाड झिजलं, दात आधीच सैल झालाय. किटणानं त्याला नुसतं धरून ठेवलंय, म्हणून कळत नाही. ते काढलं नाही तर उरलेलं हाडही जाईल. हे दोन मिनिटं बोललीस तर काका पुढच्या वेळी काकूंना घेऊन येतात. निगा शिकवणं कायद्यानं तुझ्या कामात घातलंय ते यासाठीच.

गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी तोंडात दिसतेच. स्केलिंगच्या आधी तोंड उघडायला लाव. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, बरी न होणारी जखम दिसली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना हाक मार. रोगाचं नाव सांगायचं काम त्यांचं, नजरेतून न सुटू देण्याचं काम तुझं.

आणि स्वतःचा जीव सांभाळ. स्केलरच्या पाण्याचे तुषार चेहऱ्यावर येतात, तेव्हा मास्क आणि चष्म्याचा आळस नको. हिपॅटायटिस बीचे तीन डोस कोर्सला असतानाच पूर्ण कर. शेवटचा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो आणि तोच राहून जातो.

अमेरिकेचं विचारलंयस, म्हणून थोडक्यात. तिकडे १९१७ मध्ये कनेक्टिकट राज्यात आयरीन न्यूमन या बाईंना पहिला हायजिनिस्टचा परवाना मिळाला. आजही तिथे परवाना राज्य देतं आणि त्यासाठी सहसा तिथलंच मान्यताप्राप्त शिक्षण लागतं. आपल्या नंबरावर थेट काम मिळत नाही. आपल्याकडे मात्र चित्र हलतंय. संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात दंतवैद्यांबरोबर हायजिनिस्टसारख्या सहायकांचीही राष्ट्रीय नोंदवही सांगितली आहे. नियम बदलतील तेव्हा ज्यांचे कागद चालू आणि नीट असतील त्यांना फार पळावं लागणार नाही.

एक खरं बोलून टाकते. आपल्या जिल्ह्यात या कामाची गर्दी नाही. इथले बहुतेक डॉक्टर स्केलिंग स्वतःच करतात. सुरुवातीला संभाजीनगर, पुणे अशा ठिकाणी मोठ्या दवाखान्यात राहावं लागेल, पगारही लगेच मनासारखा नसेल. ते चालणार असेल तरच ये. चालणार असेल, तर बाबांशी मी बोलते. तू तेवढ्यात ज्या कॉलेजचा विचार करतेयस त्याचं नाव आणि त्या कोर्सचं मान्यतापत्र मला पाठव. संध्याकाळी दवाखाना सुटला की बघते. तोवर एक रुपयाही भरायचा नाही, टोकनसुद्धा नाही.