तारेला ‘अड्जस्ट माडी’ म्हणू नकोस

बाळा, डिकीत सबवूफर बसवायचा म्हणतोस तर बसव. तुझं वय गाणी ऐकायचंच आहे, आणि बेंगळुरूत सिल्क बोर्डच्या सिग्नलला त्यासाठी वेळही भरपूर मिळतो. पेटी कुठली, स्पीकर किती इंची, यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी त्यात पडत नाही. मला बोलायचंय ते बॅटरीपासून ॲम्पपर्यंत जाणाऱ्या त्या एका लाल तारेबद्दल. तिच्या बाबतीत ज्या चुका करता येतात त्या बहुतेक माझ्या करून झाल्यात, तेव्हा त्या तू पुन्हा करायची गरज नाही.

१. आधी भूक बघ, मग ताट वाढ – खोक्यावर ‘३००० वॅट’ छापलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नकोस, ॲम्पच्या अंगावर बसवलेले फ्यूज मोज. ३० अँपिअरचे दोन असतील तर त्याची खरी भूक जास्तीत जास्त ६० अँपिअर.

एवढे अँपिअर का लागतात ते एकदा नीट समजून घे, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर जेमतेम सव्वादोन अँपिअर घेतो. गाडीत इंजिन चालू असताना व्होल्ट असतात चौदाच्या आसपास. त्याच ५०० वॅटसाठी इथे ३६ अँपिअर लागतात, आणि ॲम्प तापण्यात वाया जाणारा भाग धरला तर ४५. व्होल्ट कमी म्हणून करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणून तार जाड. म्हैसूर संस्थानानं १९०२ साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली, जवळजवळ दीडशे किलोमीटर. ती नेता आली कारण व्होल्ट तीस-पस्तीस हजारांवर चढवले. त्यामुळे करंट घटला आणि परवडण्याजोग्या तारेतून वीज वाहिली. तीच वीज १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यावरच्या दिव्यांत आली. तुझ्या गाडीतल्या तारेत व्होल्ट चढवायची सोय नाही. तुझ्या हातात आहे ती फक्त तारेची जाडी.

२. ३०-३५ अँपिअरपर्यंत आठ गेज आणि ६० पर्यंत चार गेज, हे पाठ करून ठेव – वळणं धरली तर छोट्या हॅचबॅकलाही पाचेक मीटर तार लागते, आणि प्रत्येक मीटर थोडे व्होल्ट खातो. चार गेज म्हणजे साधारण २१ स्क्वेअर एमएम. दुकानात २५ ची मिळाली तर बिनधास्त तीच घे.

३. तार तांब्याचीच घे, आणि ती पारखून घे – बाजारात तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम तांब्यासारखंच दिसतं, पण त्याच जाडीला त्याचा विरोध दीडपटीच्या आसपास असतो.

पारखायचं कसं, ते सांगतो. टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंतचा जे. सी. रोड म्हणजे गाडीच्या सामानाचा बाजार, तिथे तुला वायरिंगची तयार किटं डझनानं दिसतील. तारेचं टोक सोलायला सांग. आतली केसासारखी एक तार बाजूला काढ, नखावर धर आणि ब्लेडनं हलकेच खरवड. खाली तांबूसच राहिलं तर तांबं. पांढरं चमकलं तर ॲल्युमिनियम, किट परत ठेव. दुसरं म्हणजे कापलेलं तोंड समोरून बघ. कित्येक तारा बाहेरून बोटाएवढ्या असतात आणि आत धातू पेन्सिलीच्या शिशाएवढा, बाकी सगळं रबर. झबलं मोठं म्हणून बाळ मोठं होत नाही. सुटी तार, लग आणि हीट श्रिंक घ्यायचं असेल तर जवळच एस. पी. रोड आहे, तिथे स्वतः निवडून घे.

तुला कुणीतरी नक्की म्हणेल, ‘स्वल्प अड्जस्ट माडी, सार’, म्हणजे थोडं जुळवून घ्या, साहेब. या शहराचं हे वाक्य मला मनापासून आवडतं. बसच्या दोघांच्या सीटवर तिसऱ्याला जागा, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्याला पान, भाड्याच्या घरात चार दिवस पाहुणा, हे सगळं या तीन शब्दांवर निभावतं. माणसं अड्जस्ट करतात. तार करत नाही, ती तापते.

४. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत बसव, डिकीत नव्हे – हा फ्यूज ॲम्पसाठी नसतोच, तारेसाठी असतो; आणि फ्यूजच्या अलीकडची तार म्हणजे कुंपणाबाहेरचं शेत.

सगळ्यात जास्त जीव तोडून मी सांगत असेन तर हेच, म्हणून जरा थांबतो. माझ्या पहिल्या गाडीत मी स्वतः तार टाकली. फ्यूज बसवला डिकीत ॲम्पशेजारी, कारण तिथे जागा होती आणि दिसायला नीटनेटकं होतं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला होतं त्या भोकातून तार तशीच ओढून घेतली. सहा महिने सुरेख वाजलं. मग एका संध्याकाळी होसूर रोडवर पायाशी जळक्या रबराचा वास आला, आणि मिनिटाभरात मॅटच्या कडेनं धूर. इंजिनाच्या थरथरीनं पत्र्याची कड रोज थोडी थोडी तार खात होती. तांबं उघडं पडलं आणि थेट बॉडीला टेकलं. डिकीतला फ्यूज शेवटपर्यंत शाबूत होता, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, वाटेतच बॉडीत उतरत होता. गाडीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतते. मागच्या रिक्षावाल्यानं धावत येऊन १० नंबरचा पाना दिला म्हणून बॅटरीची तार सुटली. माझ्या तळहाताला फोड आले, गाडी वाचली. तुझी आत्या मागच्या सीटवर होती, सात महिन्यांची गरोदर. त्या दिवसापासून फ्यूजच्या जागेबद्दल मी कुणाशीही तडजोड केलेली नाही.

फ्यूज दाराशी, झोप उशाशी.

५. १० नंबरचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव – बहुतेक गाड्यांच्या बॅटरीचा नट तोच असतो, आणि प्रत्येक वेळी मागे रिक्षावाला असेलच असं नाही.

६. फ्यूज तारेला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा लाव, तसलेच दोन जवळ ठेव – उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा चांदी कागद लावणं म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराचं तोंड बांधणं. फ्यूज उडाला तर आधी कारण शोध.

७. पत्र्यातून तार जाईल तिथे रबरी ग्रॉमेट हवाच, आणि बॉनेटखाली सगळीकडे वरून फ्लेक्सिबल पाइप – दहा-वीस रुपयांच्या त्या रबरी चकतीनं माझा होसूर रोड टळला असता. शक्यतो कंपनीचंच ग्रॉमेट वापर, त्याला बारीक छेद देऊन तार घाल आणि फट सिलिकॉननं बुजव, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. घासली तार, वाजले बारा.

८. काम सुरू करताना बॅटरीची काळी तार आधी काढ, संपल्यावर काळीच शेवटी जोड – लाल नट फिरवताना पाना बॉडीला लागला, तर काळी सुटलेली असली की ठिणगी पडत नाही. अंगठी आणि घड्याळही काढून ठेव.

९. पिवळ्या कनेक्टरला आणि पिवळ्या वेष्टनातल्या तारांना हात लावू नकोस – त्या एअरबॅगच्या असतात, आणि हल्ली त्या सीटखाली आणि दाराजवळच्या खांबांतही असतात. मित्राची गाडी इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी तारांपासून त्याहून लांब राहा, तिथे शेकडो व्होल्ट खेळतात. अशा गाडीतही ॲम्पची जोडणी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरूनच, आणि तीही जाणकाराला विचारून.

१०. लाल तार दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून एका बाजूनं ने, आणि स्टिरिओकडून येणारी आरसीए तार दुसऱ्या बाजूनं – दोघी शेजारी झोपल्या की ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो.

११. पेडल, स्टिअरिंगचा दांडा, सीटची रूळपट्टी यांच्या वाटेत तार नको, आणि दर वीतभर अंतरावर टाय मार – सैल तार कधी कुठे अडकेल ते सांगता येत नाही, आणि ब्रेकखाली अडकली तर गाण्याचा प्रश्न उरत नाही.

१२. ॲम्पची काळी तारही लाल तारेएवढीच जाड घे आणि जमेल तेवढी आखूड ठेव – जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो.

या काळ्या तारेकडे, म्हणजे अर्थकडे, कुणी लक्ष देत नाही, आणि ‘आवाज दबतो’, ‘खरखर येते’ अशा निम्म्या तक्रारी तिथेच असतात. डिकीत बॉडीचा भक्कम पत्रा निवड. पॉलिश पेपरनं रंग, प्रायमर सगळं घासून रुपयाएवढा गोल चकचकीत कर, लग बसव, दात्यांचा वॉशर घाल आणि घट्ट आवळ. मग वरून रंगाचा हात दे, नाहीतर इथल्या पावसाळ्यात त्या उघड्या गोलावर गंज धरेल. रंगावर अर्थ, मेहनत व्यर्थ. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी सोडवू नकोस, त्याचं काम तुझा जीव धरून ठेवणं आहे. आणि नवीन भोक पाडणार असशील तर आधी गाडीखाली वाकून बघ, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तिथेच असतात.

१३. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर काळी तार बॅटरीच्या काळ्या खुंटीवर चढवू नकोस, बॉडीलाच जोड – त्या खुंटीवर बहुधा करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वगळून गेलेला करंट गाडीच्या हिशेबात येत नाही.

१४. पीळ मारून टेप गुंडाळणं बंद. लग घाल, क्रिंपिंगच्या पक्कडीनं दाब, वर हीट श्रिंक चढव आणि जोराने ओढून बघ – बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद वितळतो आणि सैल जोड तापतो.

१५. बारीक रिमोट वायर, बहुतेक स्टिरिओंवर निळी-पांढरी असते ती, स्टिरिओलाच जोड – थेट बॅटरीवर जोडलीस तर ॲम्प रात्रंदिवस जागा राहील, आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-आवरची बॅटरी दोन-तीन दिवसांत झोपेल.

१६. कंपनीच्या तारा कापू नकोस, त्या मॉडेलचं कपलर विकत घे – कापलेली तार दिसली की वॉरंटीच्या काउंटरवर आपली बाजू लंगडी पडते.

१७. लायटरच्या सॉकेटवरून ॲम्प चालवायचा विचारही नको – त्या तारा फोन चार्ज करायच्या ऐपतीच्या.

१८. सगळं झालं की मल्टीमीटर काढ: इंजिन आणि गाणं चालू ठेवून आधी बॅटरीवर व्होल्ट बघ, मग ॲम्पच्या टर्मिनलवर – फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर तार बारीक आहे किंवा एखादा जोड सैल. मग पंधरा मिनिटं मोठ्यानं वाजव आणि गाडी उभी करून फ्यूज होल्डर, लग, अर्थ हातानं चाचप. कोमट चालेल. हात मागे घ्यावा लागला तर तिथला जोड उघड.

१९. महिन्यानं एकदा सगळे नट पुन्हा आवळ, आणि दर पावसाळ्याआधी तार डोळ्याखालून घाल – इथल्या खड्ड्यांनी नट सैल होतात, आणि बेसमेंटच्या पार्किंगमधले उंदीर तारा कुरतडतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडवर पाणी भरलं ते तुला आठवत असेल, गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. गाडीत तसं पाणी शिरलं तर चावी फिरवू नकोस. पाणी ओसरल्यावर आधी बॅटरीची काळी तार काढ, मग ॲम्प काढून वाळत ठेव. म्हणूनच ॲम्प डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खड्ड्यात बसवू नकोस. सीटच्या पाठीमागे किंवा पेटीजवळ फळीवर उंच बसव, चारी बाजूंनी हवा खेळेल असा.

आयुधपूजेला तू गाडी धुशील, चाकांखाली लिंबं ठेवशील, कोहळा फोडशील. त्याच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन घरी ये. मी क्रिंपिंगची पक्कड आणि मल्टीमीटर काढून ठेवतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत अख्खी तार आपण दोघं हातानं चाचपून बघू, आणि मग तुझं गाणं लाव, मीही ऐकेन.