फळ्यावरची पुढची चर्चा



रेडिओ ऐकायला अक्षर लागत नाही. कान असले की झाले. मग ज्याला वाचता येते त्याला रेडिओचा उपयोग जास्त होतो, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. थोडे थांबा. आधी एक जुनी हकिगत ऐका.

कॅनडा नावाचा देश आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. शेते बर्फाखाली जातात. घरे एकमेकांपासून लांब. अशा दिवसांत शेतकऱ्याने करायचे काय? १९४१ साली तिथल्या रेडिओने एक उपक्रम सुरू केला. दर सोमवारी रात्री शेतीच्या एखाद्या प्रश्नावर रेडिओवर बोलणे होई. शेजारपाजारचे लोक एका घरी जमत. बोलणे ऐकत. मग रेडिओ बंद करून आपसांत बोलत. काय ठरले ते कागदावर लिहून कचेरीकडे पाठवत. पुढच्या खेपेला रेडिओवर सांगत, की अमुक भागातल्या लोकांचे मत असे पडले.

यात एक गोष्ट ध्यानात धरा. पुढच्या सोमवारी कशावर बोलणे होणार, ते लोकांना आधी कळे. त्या विषयाचे छापील पान आधीच घरी येई. लोक ते वाचून ठेवत. या मंडळांचे ब्रीद चार शब्दांचे होते : वाचा, ऐका, बोला, करा.

हा उपक्रम १९६५ सालापर्यंत चालला.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याचे रेडिओ केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली या केंद्राने कॅनडासारखाच एक प्रयोग केला. युनेस्को या जागतिक संस्थेची त्याला मदत होती. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे घेतली. गावोगावी श्रोत्यांची मंडळे केली. आठवड्यातून दोन दिवस, रविवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम लागे. असे दहा आठवडे चालले. म्हणजे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतकऱ्याच्या घरचे : शेती, जनावरे, आरोग्य, गावाचा कारभार. मंडळातला एक अध्यक्ष. एक चिटणीस. कार्यक्रम संपला की चर्चा. चर्चेतून निघालेले प्रश्न चिटणीस लिहून पुण्याला पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत काही वेळ त्या प्रश्नांना दिला जाई.

मग मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पाहणी केली. काही गावांत मंडळ होते. काही गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते. काही गावांत रेडिओही नव्हता. लोकांना कार्यक्रमाच्या आधी प्रश्न विचारले आणि नंतर पुन्हा विचारले. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फार थोडी वाढली होती. रेडिओ तोच, आवाज तोच. फरक पडला तो बसून बोलण्याने. पुढे १९५९ पासून अशी मंडळे देशभर निघू लागली.

आता गंमत पाहा. आपल्याकडच्या मंडळांचे ब्रीद होते : ऐका, बोला, करा. चारातला एक शब्द गळला. कोणता? पहिला. "वाचा" हा शब्द गळला.

का गळला ते सांगायला पंडित नको. १९५१ च्या शिरगणतीत देशातली शंभरांतली सुमारे अठरा माणसे साक्षर निघाली. खेड्यात त्याहूनही कमी. छापील पान पाठवून वाचणार कोण? तेव्हा तो शब्द वगळला ते बरोबरच केले. पण त्यामुळे एक अडचण राहिली. पुढची चर्चा कशावर आहे, हे ज्याला वाचता येई त्यालाच आधी कळे. बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचे.

यातून काय होऊ शकते ते समजावे म्हणून एक गाव डोळ्यांपुढे आणा. गाव रचलेले आहे, माणसे रचलेली आहेत. साल १९५६ चे धरा.

दिवस ज्वारीच्या मळणीचे. चावडीत बॅटरीवर चालणारा रेडिओ. गावात वीज नाही. चावडीच्या भिंतीला एक काळा फळा. त्यावर चिटणीस येत्या आठवड्याचे विषय लिही आणि रविवारी कार्यक्रम संपला की वाचून दाखवी. मंडळात सगळे पुरुष. दोन-चार बाया दाराशी बसत. त्यांत एक विधवा बाई होती. गाव तिला आक्का म्हणे. आक्का रात्रीच्या वर्गाला जात होती. जोडाक्षरे अजून अडत होती.

आक्काच्या घरी एक काळजी होती. मालक आजारी असताना गावच्या सावकाराकडून साठ रुपये आणले होते. कागदावर अंगठा दिला होता. मालक गेले. पुढच्या दोन सुगीला तिने सावकाराच्या घरी ज्वारी घातली. पहिल्या वर्षी दोन पोती, दुसऱ्या वर्षी एक. मागायला गेली की सावकार म्हणे, "अजून साठ हायेत." ज्वारी कुठे गेली? "ती व्याजात गेली." कागद मात्र कधी दाखवला नाही.

आणि मंडळाचा चिटणीस कोण? त्याच सावकाराचा पुतण्या.

पोरगा वाईट नव्हता, हे सांगितले पाहिजे. शिकलेला होता, अक्षर देखणे होते. रेडिओच्या बॅटरीला तो लेकरासारखा जपे. पण चुलत्याच्या घरचे अन्न खात होता.

त्या रविवारी फळ्यावर दोन ओळी होत्या. चिटणीसाने वाचून दाखवले, "पुढच्या रविवारी जनावरांचे रोग." आणि फडके घेऊन रेडिओ झाकायला लागला.

अध्यक्ष होते गावचे पाटील. ते म्हणाले, "आन् गुरुवारी काय?"

"गुरुवारी काय खास न्हाई. सुगी हाय, लोकांस्नी सवड नसंल. न्हाई आलं तरी चालंल."

लोक उठले. आक्का फळ्यापाशी थांबली. वरची ओळ तिने सोडली. खालच्या ओळीवर बोट ठेवले.

"गु. रु. वा. र." हे सोपे होते. पुढे तिने एकेक अक्षर लावले. "क... कर्... कर्ज." रफार वर्गात चारच दिवसांपूर्वी झाला होता. "पा. व. ती." मग "हि. शे. ब."

ती पुन्हा सुरुवातीपासून वाचत गेली. गुरुवार, कर्ज, पावती, हिशेब. मग पाटलांच्या मागे दारापर्यंत गेली.

"पाटील, गुरुवारी कर्जाचं हाय की. पावतीचं आन् हिशेबाचं."

"तुला कुनी सांगितलं?"

"फळ्यावर हाय. म्या वाचलं."

पाटील वळले. फळ्याकडे पाहिले, चिटणीसाकडे पाहिले. चिटणीस बॅटरीच्या तारा गुंडाळत होता. फार वेळ गुंडाळत होता.

पाटील एवढेच म्हणाले, "सवड काढा रं समदी."

चार दिवसांत ही बातमी पाणवठ्यावर गेली, खळ्यावर गेली. गुरुवारी साडेसहाला चावडी भरली. दाराशी दोन-चारच्या जागी दहा-बारा बाया होत्या. आक्काने वर्गातल्या गुरुजींना विचारून पाटीवर आपला हिशेब मांडून आणला होता. कोणत्या सुगीला किती पोती, त्या वेळी बाजारात ज्वारीचा भाव काय. भाव तिला आठवत होता. असे भाव बायकांना आठवतातच.

आता गाव क्षणभर बाजूला ठेवू, कारण इथे पक्की माहिती सांगायची आहे. त्या काळी या भागात १९४६ चा मुंबई सावकारी कायदा लागू होता. सावकारी करायची तर सरकारी परवाना लागे. कर्जदाराला हिशेबाचा उतारा देणे आणि पैसे घेतले की पावती देणे सावकारावर बंधनकारक होते. म्हणजे "कागद दाखवणार नाही" हे त्या वेळीही कायद्यात बसत नव्हते. महाराष्ट्रात २०१४ सालापासून नवा सावकारी कायदा आहे. त्यातही परवाना, हिशेब आणि पावती या तिन्ही गोष्टी आहेतच. परवाना आहे की नाही याची चौकशी सहकार खात्याच्या निबंधक कचेरीत करता येते. तुमच्या ओळखीत कोणी असा अडकला असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

आता पुन्हा चावडीत चला. कार्यक्रम संपला. रेडिओ बंद झाला. एरवी चर्चेला दहा जण एकदम बोलत. आज कोणी तोंड उघडीना. सगळ्यांना सावकाराचे देणे होते आणि त्याचा पुतण्या वही उघडून बसला होता.

आक्का दारातूनच बोलली. "मला एक इचारायचं हाय. धान्य घातलं तर त्याची पावती मिळती का?"

एक म्हातारा म्हणाला, "धान्याची कसली पावती? ते काय रुपये हायेत?"

"रुपये न्हाईत तर मग व्याजात कसं गेलं, आबा?"

चावडीत हसू फुटले. मग मात्र बोलणे थांबेना. एकाने बैल दिला होता. एकाने तीन वर्षे सावकाराच्या मळ्यात राबून दिले होते. कुणापाशी चिठोरेही नव्हते. पाटलांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "हा प्रश्न पुण्याला धाडू. चिटणीस, ल्ह्या कार्ड."

चिटणीसाने लिहिले. अक्षर मोत्यासारखे. कार्ड दुमडणार तोच आक्का म्हणाली, "दादा, मला बघू द्या."

"आत्याबाई, बरोबर ल्हिलंय."

"बरोबरच आसंल. पन बघू द्या."

ती कंदिलाजवळ बसून वाचू लागली. लोक थांबले. किती वेळ लागला म्हणाल, तर दोन वेळा कंदिलाची वात वर करावी लागली. कार्डावर लिहिले होते : "कर्ज घेताना शेतकऱ्याने कोणती काळजी घ्यावी, याची माहिती द्यावी."

"हे माझं न्हाई," आक्का म्हणाली. "माझं ह्ये हाय, की धान्य घेऊन पावती देत न्हाईत, तर काय करायचं. यात धान्य न्हाई. पावती बी न्हाई."

चिटणीसाचे कान लाल झाले. त्याने पाटलांकडे पाहिले. पाटील तंबाखू मळत होते. त्यांनी मान वर केली नाही. चिटणीसाने कार्ड परत घेतले. उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी लिहिल्या. आक्काने त्याही वाचल्या. मग म्हणाली, "आता बरं झालं."

कार्ड पेटीत टाकायला चिटणीस स्वतः गेला. बरोबर एक पोरगा होता. तो म्हणतो, पेटीपाशी चिटणीस बराच वेळ उभा होता. मग टाकले.

पुण्याहून उत्तर येईल तेव्हा येईल. पण आक्का तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पाटलांना बरोबर घेऊन ती सावकाराच्या ओट्यावर गेली. हिशेबाचा उतारा मागितला. सावकार म्हणाला, "तुला काय वाचता येतंय?" तिने पाटी पुढे केली. उतारा त्या दिवशी मिळाला नाही. आठ दिवसांनी मिळाला. त्यात तीनपैकी दोन पोती जमा धरली होती. तिसऱ्याबद्दल अजून बोलणे चालू आहे.

पुढच्या रविवारी फळ्यावर नवे विषय लिहिले गेले. जनावरांच्या रोगांचा कार्यक्रम ऐकून झाला आणि चिटणीसाने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. गुरुवारी पिण्याचे पाणी. रविवारी शाळेत न जाणारी मुले.

आक्का फळ्यापाशी उभीच होती. आज आणखी दोघी तिच्याजवळ होत्या. तिघी मिळून वाचत होत्या.

"दादा," आक्का म्हणाली, "वेळ ल्ह्यायची राहिली."

चिटणीसाने खडू उचलला.