मालकाकडून निघण्याआधी: आखातातल्या कामगाराचा खरा खर्च

तीन-चार महिन्यांचा पगार थकलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, घरी जायचं म्हटलं की धमकी. आखातातला कामगार अशा वेळी एका रात्री बॅग उचलतो आणि कुणा गाववाल्याच्या खोलीवर जाऊन राहतो. घरी कळतं तेव्हा पहिला प्रश्न असतो, आता परत यायला किती लागतील? खर्च देशागणिक वेगळा येतो. पण त्याहून मोठा फरक एकाच गोष्टीने पडतो: निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर तक्रार नोंदवली होती का?

दुबई, शारजा, अबू धाबीचा, म्हणजे अमिरातीचा, हिशेब आधी पाहू. कामगार न कळवता सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिला की मालक त्याला फरार म्हणून नोंदवू शकतो. ती नोंद टिकली तर वर्षभर नवा कामाचा परवाना मिळत नाही. व्हिसा रद्द झाल्यावर सवलतीचे दिवस संपले की रोज ५० दिरहम दंड चढतो. दिरहम २३ रुपयांच्या आसपास धरला तर महिन्याला साधारण ३४,५०० रुपये. सहा महिने लपूनछपून काढले तर दोन लाखांच्या वर. बाराशे दिरहमवर राबणाऱ्या हेल्परचा हा दंड त्याच्या पगारापेक्षा मोठा आहे. पगार बुडवला मालकाने आणि दंड चढतो तो कामगाराच्या नावावर, हा उघड अन्याय आहे. पण तो आहे हे धरूनच पावलं टाकावी लागतात.

तिथल्याच कायद्यात दुसरी वाटही आहे. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार, मालक करार पाळत नसेल तर कामगाराने तिथल्या कामगार मंत्रालयाला निघण्याच्या कामाचे १४ दिवस आधी कळवायचं. तेवढ्यात मालकाने चूक सुधारली नाही तर नोटीस न देता काम सोडता येतं आणि हक्काचे पैसेही बुडत नाहीत. मारहाण किंवा छळ झाला असेल तर कळवणं शक्य झाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत कळवायचं. एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कोर्टाची फी नाही. ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. पासपोर्ट काढून घेणं आणि भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करणं, दोन्हींना याच कायद्याने मनाई आहे.

सौदीत फरार म्हणून झालेल्या नोंदीला 'हुरूब' म्हणतात आणि तो लागला की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात असून निरुपयोगी होतो. मार्च २०२१ च्या सुधारणांनंतर एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, संमतीशिवाय नोकरी बदलता येते. गैरहजेरीची नोंद झाल्यावर दुसरीकडे बदली करून घ्यायला किंवा कायमचं देश सोडायला ६० दिवस मिळतात. हे ६० दिवस वाया घालवू नका. 'हुरूब काढून देतो' म्हणणारे दलाल याच काळात भेटतात, हजारो रियाल घेतात आणि फोन बंद करतात. मुदत उलटून तरहीलमधून, म्हणजे हद्दपारीच्या केंद्रातून, परत यावं लागलं तर पुन्हा कामासाठी जाण्याची वाट बंद होते. आणखी एक धोका असतो. काही मालक पळालेल्या माणसावर चोरीचा आळ घालतात. पोलीस केस उघडी असली की आउटपास, म्हणजे पासपोर्टऐवजी दूतावासाने दिलेला परतीचा कागद, हातात असूनही विमानात बसता येत नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांसाठी हा सगळा हिशेब बदलतो. सौदीच्या २०२१ च्या सुधारणांमधून त्यांना वगळलं होतं. अमिरातीत त्यांच्यासाठी २०२२ चा वेगळा कायदा आहे. दार बाहेरून बंद आणि मोबाइल मालकिणीच्या ताब्यात असलेल्या बाईला 'आधी १४ दिवसांची नोटीस द्या' म्हणून सांगणं निर्दयपणा ठरेल. तिने संधी मिळताच निघावं आणि ओळखीच्या खोलीवर न जाता थेट भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठावा. आसरा देणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते, म्हणून अशा खोल्या फार दिवस टिकत नाहीत. तक्रार दूतावासातूनही करता येते.

परतीच्या खर्चासाठी भारत सरकारचा एक निधी आहे, २००९ पासून चालणारा भारतीय समुदाय कल्याण निधी. त्यातून तात्पुरता निवारा, जेवण, विमानाचं तिकीट आणि कायदेशीर मदत देता येते. कामगाराची चूक नसताना बेकायदा राहणं घडलं असेल तर छोटे दंडही भरता येतात. ही मदत गरज पाहून दिली जाते. 'चूक नसताना' हे दाखवायला तक्रारीचा क्रमांकच कामी येतो. गावाकडच्या नातेवाइकाला परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विनामूल्य तक्रार टाकता येते. मदतीसाठी भारतातून १८०० ११ ३०९० आणि अमिरातीतून ८०० ४६३४२ हे क्रमांक मोफत आहेत.

माफीच्या मुदतीची वाट पाहत लपून राहणारे बरेच असतात. अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात दंड माफ केले आणि परत येण्यावर बंदीही घातली नाही. सौदीने २०१७ मध्ये अशी संधी दिली होती. माफी जाहीर झाली तर पहिल्याच आठवड्यात जा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

या सगळ्या खर्चाची सुरुवात मात्र मुंबईत होते, एजंटच्या ऑफिसात. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. तरी रायगड-रत्नागिरीतली पोरं 'आझाद व्हिसा'साठी, म्हणजे नावापुरत्या मालकाच्या व्हिसासाठी, लाखाच्या वर मोजतात. समजा दोन लाख कर्जाने काढले आणि व्याज महिना तीन टक्के असलं, तर महिन्याला सहा हजार फक्त व्याजात जातात. वाईट मालकाकडे माणूस वर्षभर का थांबतो याचं उत्तर बहुतेक वेळा या सहा हजारांत असतं. मालकाला तो धमकीपुरता घाबरतो, सावकाराला रोज घाबरतो.

दहावीपेक्षा कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी लागते असा शेरा, असतो. त्यांना आखातात कामाला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. हा विमा दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, त्यावर कर. अपघाती मृत्यूला १० लाख, नोकरीच्या वादात कायदेशीर खर्चाला ४५ हजारांपर्यंत, आणि आपली चूक नसताना नोकरी मुदतीआधी गेली तर परतीचं तिकीट. 'व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलू' असं एजंट म्हणाला तर समजा की मंजुरी, नोंदलेला करार आणि हा विमा, तिन्ही गेले. एजंटची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर घरबसल्या तपासता येते. फसवणुकीची तक्रार मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे करायची, आणि तिथेही पहिली मागणी पावतीची होते.

तुमच्या घरचा माणूस आत्ता तिकडे असेल तर तो अडचणीत येण्याची वाट पाहू नका. पासपोर्ट, व्हिसा किंवा इकामा, करार, विम्याची पॉलिसी आणि पगार जमा झाल्याचे मेसेज, या सगळ्यांचे फोटो आजच व्हॉट्सॲपवर मागवून घ्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.