चव्हाटा आणि माजघर

ठाण्यातील टेंभी नाका हे मोठे गजबजलेले ठिकाण आहे. १९७८ साली आनंद दिघे यांनी येथे सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. त्या दिवसांत देवीच्या दर्शनास माणसांची रीघ लागते. तेथे सर्वांस मुक्तद्वार असते, ‘तू कोण?’ असे कोणी कोणास विचारीत नाही. नाक्याची शोभा त्यातच आहे.

परंतु आजोबांचे दुखणे किंवा ताईच्या लग्नाची बोलणी यांची चर्चा नाक्यावर कोणी करील काय? अशा गोष्टी माजघरातच बोलावयाच्या असतात. घरातले गुपित कोणी बाहेर फोडले, तर ‘त्याने ते चव्हाट्यावर आणले’ असे आपण म्हणतो. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, म्हणजे नाकाच!

आज घरातील सर्व माणसे एका छपराखाली राहतातच असे नाही. एक भाऊ ठाण्यात, दुसरा डोंबिवलीत, तर बहीण परदेशात असते. अशा पांगलेल्या कुटुंबांना आणि जिवलग मित्रांना मोबाइलमध्येच एक माजघर बांधून द्यावे, असे काही तंत्रज्ञांच्या मनात आले.

अमेरिकेत २०१० साली ‘पाथ’ नावाचे असे एक ॲप निघाले. त्यात आरंभी प्रत्येकास फक्त ५० माणसे जोडता येत. मनुष्य सुमारे १५० व्यक्तींशीच खरा स्नेह राखू शकतो, या रॉबिन डन्बार या शास्त्रज्ञाच्या मताचा त्यास आधार होता. पुष्कळांना ही कल्पना आवडली. पण २०१२ साली उघडकीस आले की, हे ॲप लोकांच्या मोबाइलमधील नावे व क्रमांक त्यांस न विचारता आपल्या संगणकावर नेऊन ठेवीत होते. गवंड्यानेच भिंतीला भोक ठेवावे, तसे हे झाले! कंपनीने क्षमा मागून ती माहिती पुसून टाकली. पुढे १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून घेतल्याबद्दल, २०१३ साली तिला ८ लाख डॉलर दंड भरावा लागला. २०१८ साली पाथ बंद झाले.

व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी यान कूम यांचे बालपण सोव्हिएत युक्रेनमध्ये गेले. टेलिफोनवरील बोलणे कोणी चोरून ऐकेल, या धास्तीने त्यांची आई महत्त्वाच्या गोष्टी त्यावर बोलतच नसे. २०१६ साली व्हॉट्सॲपवरील निरोपांना कुलूप लागले. निरोप धाडणाऱ्याच्या मोबाइलवरच तो बंद होतो आणि घेणाऱ्याच्या मोबाइलवरच उघडतो. मधला संगणक हा केवळ पोस्टमन होय. लखोट्यावरील पत्ता त्यास दिसतो. आतील मजकूर मात्र वाचता येत नाही.

तरीही एक दार उघडे राहतेच. निरोप वाचल्यावर गटातील कोणीही तो बाहेर धाडू शकतो. आत्याने विश्वासाने कळविलेली आजारपणाची बातमी अशा रीतीने क्षणात नाक्यावर पोहोचते. त्या दारास कोणत्याही तंत्रज्ञाचे कुलूप पुरे पडत नाही. म्हणून घरातली गोष्ट पुढे पाठविण्यापूर्वी, ती ज्याची आहे त्यास एकदा विचारावे. माजघराची भिंत गवंडी बांधतो. ती राखणे घरच्या माणसांच्याच हाती असते.

शब्दार्थ : माजघर – घराचा आतला, मधला भाग. रीघ – न संपणारी रांग. लखोटा – बंद पाकीट.

स्वाध्याय
१. ‘गवंड्यानेच भिंतीला भोक ठेवावे’ असे लेखकाने कशास म्हटले आहे?
२. कोणत्या दाराला तंत्रज्ञाचे कुलूप पुरे पडत नाही? का?