आपत्कालीन मदतकार्य आणि आपल्या मुलांचे शिक्षण

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांतून एकच विषय सुरू होतो. पोराला डॉक्टर करायचे. उसाचे बिल बँकेत जमा होते आणि त्यातला मोठा वाटा शिकवणीवर्गाच्या फीत जातो. मार्क कमी पडले तर आणखी एक वर्ष, नाहीतर आणखी एक. मुलांनी शिकून मोठे व्हावे, याला कोणाची ना असणार? पण या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या मुलाने वाहते रक्त कधी पाहिले आहे काय? वेदनेने ओरडणाऱ्या माणसाजवळ तो पाच मिनिटे उभा राहू शकतो काय? बैल घेताना आपण त्याला औताला जुंपून पाहतो. पोराच्या आयुष्याची निवड मात्र नुसत्या मार्कांवरून करतो.

याला एक सोपा उपाय आहे. मुलांना तरुणपणीच अपघात, पूर, सर्पदंश अशा वेळच्या मदतकार्यात, रीतसर शिक्षण देऊन, सहभागी होऊ द्यावे. त्यातून गावाचे काम होते आणि आरोग्यसेवा हे आपले क्षेत्र आहे की नाही, हे मुलाचे मुलालाच कळते.

असे प्रसंग आपल्याकडे कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे लाल परावर्तक नसला तर मोटारसायकलवाल्याला अंधारात ट्रॉली दिसत नाही. फडात पाचटाखाली नाग, मण्यार, घोणस, फुरसे काहीही असू शकते. फवारणी करताना विषबाधा होते. अशा वेळी भोवती पन्नास माणसे जमतात, पण नेमके काय करायचे हे माहीत असलेला एक असला तरी पुरे.

हृदय बंद पडले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्यात गाडी फडापर्यंत येणे अवघडच. शिकलेला मुलगा १०८ ला फोन करायला एकाला सांगतो आणि स्वतः छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहतो. साप चावला तर तो जखम कापू देत नाही, चोखू देत नाही, दोरीने करकचून बांधू देत नाही. तो अवयव हलणार नाही असा आधार देतो, चावल्याची वेळ लक्षात ठेवतो आणि माणसाला सरळ प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात पोचवतो. देवऋषाकडे नेण्याचा आग्रह धरणाऱ्या म्हाताऱ्यांशी वाद घालायचे धाडसही त्यालाच करावे लागते, आणि ते काम छाती दाबण्याहून सोपे नाही! औषधाची विषबाधा असेल तर तो अंगावरचे कपडे उतरवतो, अंग साबण-पाण्याने धुतो आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर घेतो.

आता मुलाच्या बाजूने पाहा. रुग्णाबरोबर तो दवाखान्यात जातो तेव्हा आरोग्यसेवा म्हणजे एकटा डॉक्टर नव्हे, हे त्याला डोळ्यांनी दिसते. सलाईन लावणारी सिस्टर, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, क्ष-किरण काढणारा, शस्त्रक्रियागृहात हत्यारे मांडून ठेवणारा, सगळ्यांचे हात लागतात तेव्हा माणूस वाचतो. एखाद्याला यातले काम मनापासून आवडते. एखाद्याला चक्कर येते आणि तो परत त्या वाटेला जात नाही. दोन्ही गोष्टी लाखो रुपये भरण्याआधी कळल्या, तर नुकसान कोणाचे?

याचा एक नामी दाखला अमेरिकेतील पिट्सबर्ग या शहरात घडला. हे पोलाद कारखान्यांचे शहर. १९६० च्या दशकात तिथे आजाऱ्याला न्यायला बहुधा पोलिसांची गाडी येई. गाडीत टाकायचे आणि हॉस्पिटलच्या दारात उतरवायचे, वाटेत उपचार नाही. हिल नावाच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत तर हाल फारच. १९६७ साली तिथे ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी करण्याचे ठरले. तिच्यासाठी त्याच वस्तीतले तरुण निवडले. पुष्कळजण बेकार होते, काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. त्यांना शिकवले डॉ. पीटर सफार यांनी. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी हे एक प्रमुख डॉक्टर. थोड्याथोडक्या दिवसांचा वर्ग नव्हता तो. हॉस्पिटलच्या विभागांत प्रत्यक्ष काम करून शेकडो तासांचे शिक्षण झाले. ज्यांना कोणी कामावर ठेवत नव्हते, ती पोरे रस्त्यावर जीव वाचवू लागली.

१९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. नव्या सेवेत या तरुणांना न्याय मिळाला नाही, बरेचजण बाहेर पडले. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर दाखला अर्धवट राहील. तरी जॉन मून यांच्यासारखे टिकून राहिले. हॉस्पिटलात रुग्ण ढकलत नेणारा हा वॉर्डबॉय, फ्रीडम हाऊसचे तरुण काम करताना पाहून त्यांच्यात गेला आणि पुढे शहराच्या आपत्कालीन सेवेचा उपप्रमुख झाला.

आपल्याकडे हे शिक्षण कुठे मिळते? सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर. त्या शिबिरात नुसते खड्डे खणण्यापेक्षा एक-दोन दिवस प्रथमोपचाराला दिले तर बिघडत नाही. अठरा वर्षे पुरी झालेल्यांसाठी ‘आपदा मित्र’ योजनेत १२ दिवसांचे प्रशिक्षण आखलेले आहे. त्याची चौकशी कलेक्टर कचेरीतील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. हंगामापूर्वी गटागटांतून असा एखादा वर्ग झाला, तर ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि मुकादमांनाही त्यात बसवावे.

मात्र उत्साहाला शिस्त हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून माणसे बुडाली. पाण्यात उतरणे हे शिकलेल्यांचेच काम आहे. अल्पवयीन मुलांना तर तिथे पाठवूच नये. त्यांनी प्रथमोपचार शिकावा, निवारा केंद्रात याद्या कराव्यात, औषधे वाटणाऱ्या सिस्टरच्या हाताखाली राहावे. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून घरोघर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

या कामातून ज्याचा ओढा कळला, त्याला वाटा बऱ्याच आहेत. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचे, वर एक वर्ष इंटर्नशिप. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षे, जी.एन.एम. तीन, ए.एन.एम. दोन. शिवाय प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायालिसिस, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञ आणि रुग्णवाहिकेतील आपत्कालीन तंत्रज्ञ. नर्सिंग म्हटले की ‘पोरीच्या जातीला रात्रपाळी नको’ असे म्हणणारे वडील अजून भेटतात. त्यांच्याच घरातील बाळंतीण रात्री दोन वाजता अडली, तर तिच्याजवळ कोणाची तरी मुलगीच उभी असते. आणि मुलांनीही हे काम बायकी समजू नये.

एक सूचना. अशा अभ्यासक्रमांच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. नर्सिंगच्या संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची मान्यता आहे आणि जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात मुलांना प्रत्यक्ष काम करायला मिळते, या गोष्टी फी भरण्यापूर्वी विचाराव्यात. जमल्यास त्या हॉस्पिटलात स्वतः जाऊन, तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोलून यावे.